वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचे लॉगिन, विद्यापीठाचे नेट

विद्यापीठातील संगणक, इंटरनेट, ई-मेल खाती आणि ग्रंथालयातील डिजिटल साधने कोणी, कशासाठी आणि किती वापरावीत, यासंबंधी गेल्या अंकात या सदरातून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी २२ वर्षे काम केले. त्या काळात जाणूनबुजून नियम मोडणारे थोडे भेटले. नियम आहे हेच ज्यांना कोणी सांगितले नव्हते, असे पुष्कळ भेटले. प्रवेशाच्या गर्दीत शुल्काच्या पावतीबरोबर इंग्रजीतील वापर-धोरण पुढे येते, त्यावर सही होते आणि ते कागद पुन्हा उघडले जातात ते थेट शिस्तपालन समितीसमोर. म्हणून उत्तरांत नियमाबरोबर त्यामागचे कारणही सांगितले आहे. पत्रलेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था अर्थातच गाळल्या आहेत.

प्रश्न : मी विज्ञान शाखेत पीएच.डी. करते. माझ्या मार्गदर्शकांनी त्यांच्या विद्यापीठीय ई-मेलचा आणि अंतर्गत गुण भरण्याच्या प्रणालीचा पासवर्ड मला देऊन ठेवला आहे. सरांना वेळ नसतो, त्यामुळे त्यांच्या ई-मेलना उत्तरे देणे आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे गुण भरणे ही कामे मीच करते. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने गुणांबाबत तक्रार केली, तेव्हापासून मला धास्ती वाटते. सरांना नाही म्हणणे शक्य नाही. मी काय करावे? — संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे, आणि खरे तर ती आपल्या सरांनाही वाटायला हवी. पासवर्डला आपण किल्ली समजतो, परंतु विद्यापीठाच्या प्रणालीत तो सहीचे काम करतो. किल्ली दुसऱ्याला दिली तर तो खोली उघडतो, इतकेच. सही दिली तर त्याने केलेले प्रत्येक काम आपल्या नावावर चढते. कोणत्या खात्यातून, कोणत्या यंत्रावरून आणि किती वाजता गुण भरले किंवा बदलले गेले, याची नोंद अशा प्रणालींत ठेवली जाते. उद्या चौकशी झाली तर नोंदवही सांगेल की गुण सरांनी भरले, यंत्राचा पत्ता सांगेल की ते आपल्या प्रयोगशाळेतून भरले गेले, आणि वेळापत्रक सांगेल की त्या तासाला सर वर्गात शिकवत होते. या साक्षी एकमेकींशी जुळणार नाहीत, आणि त्या न जुळण्याचा त्रास दोघांपैकी ज्याची बाजू दुबळी त्याला अधिक होईल.

कायद्याची भीती मात्र मनातून काढून टाका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरांच्या सांगण्यावरून, प्रामाणिकपणे केलेले काम त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. परंतु विद्यापीठाच्या वापर-धोरणाचा भंग झालेला आहेच, आणि तो पासवर्ड देणाऱ्याने आधी केलेला आहे.

आता मार्ग. ई-मेलसाठी पासवर्ड देण्याची गरजच नाही. बहुतेक विद्यापीठे ज्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवा वापरतात, त्यांत खातेदाराला आपल्या टपालासाठी प्रतिनिधी नेमता येतो. आपण आपल्याच पासवर्डने आत जाता, सरांच्या वतीने उत्तर देता आणि कोणी काय केले हे वेगळे राहते. ही सोय बंद असेल तर संगणक केंद्राकडून ती सुरू करून घेता येते. गुणांच्या बाबतीत नोंद एकाने करावी आणि अंतिम मान्यता शिक्षकानेच द्यावी, अशी व्यवस्था परीक्षा विभागाकडे मागता येईल. ती मिळेपर्यंत गुण सरांनी स्वतः भरणे हाच एक मार्ग आहे. सरांना नाही म्हणू नका, असे म्हणा : “सर, तक्रार आली तर नोंदीत आपलेच नाव दिसेल, म्हणून मी प्रतिनिधी म्हणून काम करते आणि गुणांवर शेवटची नजर आपण टाका.” यात त्यांचेही हित आहे आणि ते त्यांना पटण्याजोगे आहे. ज्या विद्यार्थ्याची तक्रार आहे, त्याचे गुण मूळ उत्तरपत्रिकेशी आजच ताडून घ्या, आणि त्या खात्यातील काहीही पुसून टाकू नका. आजवर कोणती कामे केली, याची तारीखवार नोंद आपल्या वहीत करून ठेवा.

हे सदर वाचणाऱ्या मार्गदर्शकांना मला कळकळीने सांगायचे आहे की विद्यार्थी तुमच्याकडून संशोधनाची शिस्त शिकतात, आणि तुमचा पासवर्ड त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो तेव्हा ते वेगळेच काहीतरी शिकतात.

प्रश्न : साहित्य-आढाव्यासाठी मी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटी स्क्रिप्ट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) लिहिली आणि एका रात्रीत एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून सुमारे ४,००० शोधनिबंध उतरवले. दुसऱ्या दिवशी त्या प्रकाशकाने आमच्या संपूर्ण विद्यापीठाची सेवा थांबवली. ग्रंथपाल नेमके कोणी केले ते शोधत आहेत. वर्गणी भरलेली आहे आणि शोधनिबंध वाचण्यासाठीच आहेत, मग मी चोरी केली असे म्हणता येईल का? — संशोधक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : चोरी हा शब्द मी वापरणार नाही, परंतु आपल्या वाट्यापेक्षा अधिक घेतले गेले हे मान्य करावे लागेल. विद्यापीठ प्रकाशकाला वर्गणी देते तेव्हा त्या नियतकालिकांची मालकी विकत घेत नाही. वाचण्याचा, आणि अभ्यासापुरती प्रत ठेवण्याचा परवाना घेते. पद्धतशीरपणे, यंत्राच्या साहाय्याने, अंकच्या अंक उतरवण्यास हे परवाने सहसा स्पष्ट शब्दांत मनाई करतात. शिवाय प्रकाशकाला आपण व्यक्ती म्हणून दिसत नाही. त्याच्या सर्व्हरला विद्यापीठाचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील ओळख-क्रमांक, दिसतात, आणि त्या पत्त्यांवरून मिनिटाला डझनभर निबंध ओढले जाऊ लागले की त्याची स्वयंचलित यंत्रणा तो दरवाजाच बंद करते. त्या दरवाजाबाहेर मग आपल्याबरोबर असा कोणी उभा राहतो, ज्याची प्रबंध सादर करण्याची मुदत त्याच आठवड्यात संपत असते.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रॅमरने सप्टेंबर २०१० पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नेटवर्कवरून ‘जेस्टॉर’ या संग्रहातील लाखो लेख उतरवले. जेस्टॉरने काही दिवस त्या संपूर्ण संस्थेची सेवा बंद ठेवली. पुढे जेस्टॉरचे आणि त्याचे आपसांत मिटले, परंतु सरकारी वकिलांनी गंभीर फौजदारी आरोप लावून धरले. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. आपल्याला घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या गोष्टीचा निकाल ग्रंथालयाच्या टेबलावर लागू शकला असता ती फौजदारी न्यायालयात गेली, याचे दुःख मला आजही वाटते, आणि म्हणूनच आपले प्रकरण टेबलावरच मिटावे अशी माझी इच्छा आहे.

आपण होऊन ग्रंथपालांकडे जा. किती वाजता, कोणत्या यंत्रावरून, साधारण किती निबंध उतरवले, कशासाठी उतरवले आणि ते कोणालाही दिलेले नाहीत, हे एका पानावर लिहून द्या. प्रत्यक्ष वाचण्यासाठी लागणारे निबंध ठेवून उरलेले पुसून टाकण्याची तयारी दाखवा. ग्रंथपालांना प्रकाशकाला उत्तर द्यायचे असते, आणि “कारण सापडले, पुन्हा होणार नाही” हे लिहिता आले की सेवा लवकर सुरू होते. यापुढे शेकडो निबंधांचे यंत्राने विश्लेषण करायचे असेल तर आधी विचारा. अनेक प्रकाशक अशा कामासाठी वेगळा अधिकृत मार्ग देतात, ‘अर्काईव्ह’सारख्या खुल्या संग्रहात मोठ्या प्रमाणावर उतरवून घेण्याची सोय आहे, आणि भारतीय प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा संग्रह सर्वांना खुला आहे.

हा विषय आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. तालुक्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयात बसून जे निबंध वाचता येतील अशी कल्पनाही माझ्या पिढीने केली नव्हती, ते आज तेथे उघडतात. ही सोय टिकणे आपणा सर्वांच्या हातात आहे.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या निकालाच्या संकेतस्थळावर पत्त्याच्या शेवटी आसन क्रमांक दिसतो. तो बदलला की लॉगिन न करता दुसऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक दिसतो. मी पाच-सहा मित्रांचे क्रमांक टाकून खात्री केली. हे कळवावे असे वाटते, पण मित्र म्हणतात की कळवशील तर गुन्हा तुझ्यावरच दाखल होईल. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अवश्य कळवा, आणि आता एकही क्रमांक अधिक टाकून पाहू नका. हा दोष संगणक क्षेत्रात चांगला परिचित आहे : सर्व्हर मागितलेली गुणपत्रिका देतो, मागणारा कोण आहे हे मात्र तपासत नाही. तो दुरुस्त करणे कठीण नसते. तो आहे हे योग्य माणसाला वेळेत कळणे हेच कठीण असते.

आपल्या मित्रांची भीती अगदीच निराधार नाही. परवानगीवाचून संगणक प्रणालीतील माहितीपर्यंत पोहोचणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये येते, आणि तेच कपटाने किंवा अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे सारे काही हेतूवर येऊन ठेपते, आणि हेतू दिसतो तो दोष सापडल्यानंतरच्या वागण्यातून. खात्रीसाठी दोन क्रमांक पुरेसे होते, तेही त्या मित्रांना आधी विचारून. हजारो गुणपत्रिका उतरवणारी स्क्रिप्ट लिहिली, पडद्याची छायाचित्रे गटांत फिरवली किंवा समाजमाध्यमावर विद्यापीठाची फजिती केली, तर मी काळजीपोटी हे केले असे सांगूनही ते पटवणे अवघड होईल.

मोजून पाहण्याच्या हेतूने सोडलेली गोष्ट कशी हाताबाहेर जाते, याचे जुने उदाहरण विद्यापीठातलेच आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःची नक्कल करत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. नुकसान करण्याचा आपला हेतू नव्हता असे त्याचे म्हणणे होते, परंतु तो प्रोग्रॅम एकाच यंत्रावर पुन्हा पुन्हा चढत गेला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. त्याला ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलरचा दंड झाला. पुढे तोच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक झाला, ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तेथील व्यवस्थेने त्याला शिक्षा दिली, पण आयुष्यातून उठवले नाही.

पत्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना आणि संगणक केंद्राच्या प्रमुखांना, एकाच वेळी, विद्यापीठाच्या आपल्या ई-मेलवरून पाठवा. दोष कोठे आहे, कसा लक्षात आला, किती वेळा पाहिला, कोणतीही माहिती जवळ ठेवलेली नाही, एवढेच साध्या शब्दांत लिहा. मित्रांचे क्रमांक टाकून पाहिले, हे लपवू नका. विश्वासातील एखाद्या शिक्षकांना प्रत पाठवा, म्हणजे आपण एकटे राहणार नाही. वाजवी काळात उत्तर आले नाही, तर भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेकडे असे दोष कळवण्याची अधिकृत सोय आहे.

विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांना येथे स्पष्ट सांगायला हवे की असे पत्र आले तर पहिले काम तो दोष बंद करणे आणि दुसरे काम त्या विद्यार्थ्याचे आभार मानणे हे आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सद्हेतूने दोष कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे एक वाक्य प्रत्येक विद्यापीठाच्या वापर-धोरणात असावे, असा माझा कित्येक वर्षांचा आग्रह आहे.

प्रश्न : आमच्या विभागात चार ग्राफिक्स कार्डे असलेला सर्व्हर आहे. रात्री तो रिकामाच असतो. मी त्यावर मित्राच्या स्टार्टअपसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल ट्रेन करून देतो, मला त्याचे थोडे पैसे मिळतात. रिकामे यंत्र वापरले तर कोणाचे काय बिघडते? — एम.टेक.चा विद्यार्थी, पुणे

उत्तर : सामायिक विहिरीवर ज्याची पाळी असते तो पाणी घेतो; पाळी मोकळी दिसली म्हणून कोणी आपल्या उसाला पाणी वळवले तर गावात काय होते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. आपला प्रश्न मात्र त्याहूनही सोपा आहे, कारण येथे पाणी वळवून ते विकले जात आहे.

यंत्र रिकामे दिसते तेव्हाही त्याचा खर्च थांबत नाही. प्रत्येकी ३०० वॅटची चार कार्डे दहा तास पूर्ण क्षमतेने चालली तर केवळ कार्डांनाच १२ युनिट वीज लागते. वातानुकूलन आणि झीज वेगळी. तो सर्व्हर बहुधा एखाद्या संशोधन अनुदानातून घेतलेला असेल, आणि तसे असेल तर त्या पैशांचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते ठरलेल्या कामासाठीच वापरल्याची हमी, आपल्या प्राध्यापकांनी स्वतःच्या सहीने दिलेले असते. त्यावर चालणाऱ्या काही सॉफ्टवेअरचे शैक्षणिक परवाने व्यावसायिक कामाला चालत नाहीत. याशिवाय, विद्यापीठाच्या साधनांवर तयार झालेल्या मॉडेलवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या स्टार्टअपला गुंतवणूकदार मिळेल त्या दिवशी उभा राहील.

असे मोह जगभर झालेले आहेत. २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘ओडिसी’ या संगणक-समूहावर कोणीतरी डोजकॉइन हे आभासी चलन तयार करत असल्याचे उघडकीस आले आणि त्या व्यक्तीचा तेथील संगणकीय साधनांवरील प्रवेश बंद झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या महानिरीक्षकांनी एका संशोधकाची हकिगत अहवालात दिली : त्याने ८ ते १० हजार डॉलरचे बिटकॉइन मिळवण्यासाठी महासंगणकांचा सुमारे दीड लाख डॉलरचा वेळ खर्ची घातला होता. फुकट वाटणाऱ्या यंत्राची किंमत कोणीतरी मोजत असतो, हे त्या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते.

विद्यापीठाच्या उष्मायन केंद्रात, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या कक्षात, नोंदणी करून शुल्क भरून वेळ घेता येतो का, ते विचारा. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘इंडियाएआय मिशन’मधून स्टार्टअप आणि संशोधकांना ग्राफिक्स प्रोसेसर सवलतीच्या दरात मिळतात, आपल्या मित्राने तेथे अर्ज करावा. आणि चालू असलेले काम आज रात्रीच थांबवून प्राध्यापकांना आपण होऊन सांगा.

प्रश्न : आमच्या मुलींच्या वसतिगृहात वाय-फाय रात्री १० वाजता बंद होते, मुलांच्या वसतिगृहात ते रात्रभर सुरू असते. अनेक संकेतस्थळेही बंद आहेत, म्हणून आम्ही व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेऊन बंदी चुकवणारे ॲप) वापरतो. ते चूक आहे का? आम्ही काय पाहतो, काय लिहितो, हे संगणक केंद्राला दिसते का? — पदव्युत्तर विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपल्या पत्रात तीन प्रश्न आहेत, आणि पहिला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बँडविड्थ, म्हणजे नेटची माहिती वाहून नेण्याची क्षमता, मर्यादित असते, त्यामुळे वेळेची बंधने असू शकतात. परंतु ती मुलींना एक आणि मुलांना एक अशी असण्याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. हा प्रश्न न्यायालयात गेलेला आहे. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात मोबाइल वापरण्यावर ठरावीक वेळी बंदी होती; ती न मानल्यामुळे वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीने दाद मागितली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे असे सांगून तिला पुन्हा प्रवेश देण्यास सांगितले. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी त्याचा आधार घेता येतो. कुलसचिव आणि विद्यार्थी विकास विभाग यांच्याकडे सह्यांचे निवेदन द्या, दोन्ही वसतिगृहांच्या वेळा त्यात शेजारी शेजारी लिहा आणि एकसारख्या वेळेची मागणी करा.

व्हीपीएन वापरणे भारतात बेकायदेशीर नाही. परंतु विद्यापीठाच्या नेटवर्कवर ते वापरू नये असा नियम असेल, तर तो मोडणे हा शिस्तभंग ठरतो, आणि नियम अन्यायकारक वाटतो म्हणून तो गुपचूप चुकवल्यास आपल्या न्याय्य मागणीचेच वजन कमी होते. फुकटची व्हीपीएन ॲप आणखी एका कारणाने टाळावीत : आपली सारी वाहतूक त्या अनोळखी कंपनीच्या हातून जाते. अभ्यासासाठी लागणारे एखादे संकेतस्थळ बंद असेल तर विभागप्रमुखांच्या शिफारशीने ते उघडून मागा. माझ्या केंद्रात असे अर्ज येत आणि बहुतेक त्याच दिवशी मान्य होत, फक्त ते फार थोडे येत.

आता काय दिसते त्याविषयी. बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण आज कूटबद्ध, म्हणजे वाटेत इतरांना वाचता न येणारी, असते, त्यामुळे संगणक केंद्राला साधारणपणे कोणत्या यंत्राने कोणत्या संकेतस्थळाशी, केव्हा आणि किती माहितीची देवाणघेवाण केली, हे दिसते. आपण तेथे काय लिहिले, काय वाचले, हे दिसत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वाय-फाय जोडण्यासाठी आपल्या लॅपटॉपवर विद्यापीठाचे स्वतःचे सुरक्षा प्रमाणपत्र बसवायला सांगितले, तर त्याच्या जोरावर कूटबद्ध मजकूरही मधल्या मध्ये उलगडता येऊ शकतो. असे प्रमाणपत्र बसवण्यापूर्वी ते कशासाठी आहे, हे लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. विद्यापीठाच्या ई-मेलमधील मजकूर मात्र प्रशासकाला तांत्रिकदृष्ट्या उघडता येतो, म्हणून घरची, आजाराची किंवा पैशांची पत्रे खासगी खात्यावरच ठेवावीत.

दिसू शकते म्हणून पाहावे, असे अर्थातच नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. त्या सुरक्षेसाठी असतात, वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी कोणती मुलगी रात्री काय पाहते हे विचारावे आणि केंद्राने सांगावे यासाठी नव्हेत. माझ्याकडे अशी विचारणा एकदा तोंडी आली होती. मी ती लेखी मागितली, आणि ती कधीच आली नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एम.एस. करतो. त्याने खोलीतील विद्यापीठाच्या वाय-फायवर टोरेंटवरून एक चित्रपट उतरवला आणि त्याला विद्यापीठाकडून कॉपीराइटची नोटीस आली. त्याचा व्हिसा जाईल का, या विचाराने आम्हाला झोप नाही. — एक पालक, नाशिक

उत्तर : पहिली नोटीस ही बहुधा ताकीद असते. तेथील १९९८ च्या कायद्यानुसार हक्कधारक कंपन्या विद्यापीठाला तक्रार पाठवतात, विद्यापीठ ती त्या आयपी पत्त्याच्या वापरकर्त्याकडे पोहोचवते, आणि २००८ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्यामुळे अशा फायलींच्या देवाणघेवाणीविरुद्ध उपाय योजणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे. टोरेंटमध्ये उतरवता उतरवता आपण त्याच फायलीचे तुकडे इतरांना पुरवत असतो, हे अनेकांना माहीत नसते. कंपन्यांच्या नजरेस येते ते हे पुरवणेच. मुलाने नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे, चित्रपट आणि टोरेंटचा प्रोग्रॅम दोन्ही काढून टाकावेत आणि सांगितलेले प्रशिक्षण असल्यास ते पूर्ण करावे. अशा पहिल्या नोटिशीतून व्हिसावर थेट काही येत नाही. पुन्हा पुन्हा असे घडून विद्यापीठाने निलंबित केले, तर मात्र विद्यार्थी म्हणून असलेला दर्जाच धोक्यात येतो. पैशांची मागणी करणारे पत्र आले, तर उत्तर देण्याआधी त्याने विद्यापीठाच्या विद्यार्थी विधी साहाय्य कक्षाचा, नसल्यास आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला घ्यावा. त्याला रागावू नका. तो आधीच घाबरलेला असेल.

प्रश्न : आमच्या ग्रामीण महाविद्यालयात सांख्यिकीचे महागडे सॉफ्टवेअर घेण्याइतका निधी नाही. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर क्रॅक केलेली (परवान्याचे कुलूप तोडलेली) प्रत आहे आणि ती मीच बसवावी अशी अपेक्षा असते. — सहायक प्राध्यापक, धाराशिव जिल्हा

उत्तर : बसवू नका. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणाऱ्याला प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-बी मध्ये किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे, आणि “प्राचार्यांनी सांगितले” हा बचाव तेथे चालत नाही. क्रॅकबरोबर येणारे घातक प्रोग्रॅम प्रयोगशाळेतून पेन ड्राइव्हवर बसून विद्यार्थ्यांच्या घरी जातात, हे तर आपण पाहिलेच असेल. पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लागणारी बहुतेक सर्व सांख्यिकी ‘आर’ या मुक्त प्रणालीत होते. खिडक्या आणि बटणांचीच सवय असेल तर ‘जॅमोव्ही’ किंवा ‘पीएसपीपी’ घ्या. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांना मुक्त सॉफ्टवेअरकडे वळण्यास मदत करतो, आणि तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक धडे मराठीत ऐकता येतात. पहिले सत्र जड जाईल, हे मान्य आहे.

प्रश्न : पीएच.डी. पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत विद्यापीठाने माझे ई-मेल खाते बंद केले. त्यातील पत्रे गेली, आणि माझ्या प्रसिद्ध शोधनिबंधांवर तोच पत्ता आहे. विद्यापीठाला असे करता येते का? — नुकतीच पदवी मिळालेली संशोधिका, पणजी

उत्तर : करता येते, मात्र आधी ठळक सूचना देणे हे त्यांचे कर्तव्य होते. गूगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेला सामायिक १०० टेराबाइटची मर्यादा घातल्यापासून विद्यापीठे जुनी खाती वेगाने बंद करू लागली आहेत. संगणक केंद्राला आजच अर्ज करा, कारण बंद केलेले खाते लगेच पुसले जाईलच असे नाही, आणि पत्रे काढून घेण्यासाठी ते काही दिवस पुन्हा उघडून देता येते. शोधनिबंधांवरील पत्त्यासाठी संबंधित नियतकालिकांना कळवा, आणि ‘ऑर्किड’ या संशोधक-ओळख क्रमांकाच्या नोंदीत आपला खासगी पत्ता जोडून घ्या. संस्था बदलली तरी तो क्रमांक आपल्याबरोबर राहतो. ज्यांचा प्रबंध येत्या वर्षात सादर होणार आहे, त्यांनी हे काम मौखिक परीक्षेच्या आधीच उरकून घ्यावे.